पहिलीच्या मुलाला आधी इंग्रजी ऐकू द्या

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री कोल्हापुरात जरगनगरला पालकांची रांग लागते. तिथल्या महापालिकेच्या जरग विद्यामंदिरात पहिलीला प्रवेश मिळावा म्हणून लोक रात्रभर शाळेच्या दारात थांबतात. महापालिकेची मराठी शाळा, आणि तिच्या प्रवेशासाठी रांग! मराठी शाळांचे पट घसरताहेत, वर्ग बंद पडताहेत असं आपण राज्यभर ऐकतो आणि ते खरंही आहे. पण ही रांग पाहिली की ‘पालकांना मराठी शाळाच नकोत’ असं सरसकट म्हणता येत नाही. शाळेत शिकवतात अशी खात्री पटली की पालक येतात.

तरीही मराठी शाळेत मूल घालणाऱ्या आईबापाच्या मनात एक धाकधूक असतेच. इंग्रजीचं काय होणार? ही धाकधूक मला खोटी वाटत नाही. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीवर काम करणाऱ्या माणसाला रोज दिसतं की ड्रॉइंगवरच्या सूचना इंग्रजीत असतात, गिऱ्हाइकाची ईमेल इंग्रजीत येते आणि ती वाचणारा माणूस पंख्याखाली ऑफिसात बसतो. आपल्या पोरानं तिथं बसावं असं त्याला वाटलं तर त्यात मराठीशी गद्दारी कसली? त्याची इच्छा रास्त आहे. ती पुरी करण्यासाठी त्याला जो रस्ता दाखवला जातो, तो मात्र चुकीचा आहे.

आपल्याकडची चर्चा दोन टोकांना अडकली आहे. एक टोक म्हणतं, सगळं इंग्रजी माध्यमात करून टाका. दुसरं म्हणतं, मराठी वाचवा, इंग्रजीचं नंतर बघू. मराठी शाळेतल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला इंग्रजी हा विषय नेमका कसा शिकवायचा, पहिल्या दिवशी काय, पहिल्या वर्षी काय, पाचवीपर्यंत कुठं पोचायचं, यावर पालकसभेत कुणी बोलत नाही आणि वर्तमानपत्रातही फारसं लिहिलं जात नाही. २०२५ साली पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून राज्यात एवढं वादळ उठलं, शासनाला निर्णय मागं घ्यावा लागला. त्या गदारोळातही, पहिलीत आधीच असलेली दुसरी भाषा मुलांना कितपत येते, हे विचारायचं राहूनच गेलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: मराठी शाळेत इंग्रजी पहिलीपासूनच असावं, पण पहिली दोन वर्षं ते पूर्णपणे कानाचं आणि तोंडाचं असावं. वही नको, स्पेलिंग नको, लेखी परीक्षा तर नकोच. वाचन तिसरीत सुरू व्हावं आणि ते मराठी वाचनाच्या पक्क्या पायावर उभं राहावं.

या प्रश्नाला कोल्हापूरचा जुना संबंध आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पुढं स्वतंत्र भारतात १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्याच आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभारणारे. मातृभाषेवर पुरेशी पकड आल्यावरच, म्हणजे साधारणपणे पाचवीच्या आधी नाही, इंग्रजी सुरू करावं असं आयोगाचं मत होतं. महाराष्ट्रात अनेक वर्षं तसंच चाललं. मग २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं.

त्या निर्णयाविरुद्ध मी नाही. पाचवीपर्यंत इंग्रजी न शिकवणारी शाळा आज पालक स्वीकारणार नाहीत, आणि ज्या घरात इंग्रजीचा शब्दही कानावर पडत नाही त्या घरातल्या मुलाला शाळेशिवाय दुसरा आधार नाही. २००६ साली एनसीईआरटीच्या इंग्रजीविषयक अभ्यासगटानंही मान्य केलं होतं, की इंग्रजी कोणत्या इयत्तेत सुरू करायचं हा प्रश्न आता शैक्षणिक वादाचा उरलेला नसून लोकांच्या आकांक्षेला दिलेलं राजकीय उत्तर झाला आहे. तेव्हा इयत्तेचा वाद सोडून देऊ. त्या तासाला वर्गात काय घडतं ते बघू.

काय घडतं? करवीर तालुक्यातल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात मी बसलो होतो. एका चुणचुणीत मुलीनं ‘अम्ब्रेला’चं स्पेलिंग न अडखळता सांगितलं, ‘एलिफंट’चंही सांगितलं. अक्षर सुरेख, वहीभर शब्द ओळीत लिहिलेले, प्रत्येकापुढं मराठी अर्थ. मी तिला म्हटलं, ‘ओपन द विंडो, प्लीज.’ ती बाईंकडं बघायला लागली. बाईंनी तेच पुन्हा म्हटलं. मुलगी हसली आणि म्हणाली, ‘विंडो. डब्ल्यू आय एन डी ओ डब्ल्यू.’ तिला वाटलं आम्ही स्पेलिंगच विचारतोय. इंग्रजीत कुणी आपल्याशी काही बोलतं, आपल्याला काही करायला सांगतं, ही शक्यताच तिच्यापर्यंत पोचली नव्हती. मुलगी हुशार होती, बाई कष्टाळू होत्या. दोघींनी मिळून वर्षभर मेहनत केली होती, आणि ती भलत्याच गोष्टीवर खर्ची पडली होती.

हे अभ्यासक्रमामुळं होतं असं म्हणावं तर कागदावरचा अभ्यासक्रम तसा नाही. श्रवण आणि भाषण त्यात पहिलंच आहे. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकात चित्रं आहेत, गाणी आहेत, कृती आहेत. मग वर्गात वहीच का जिंकते? कारण वही दाखवता येते. शाळा तपासणारे केंद्रप्रमुख आले की वह्या बघतात. घरी बाप विचारतो, ‘आज काय लिहून दिलं?’ मुलानं तासभर इंग्रजी गोष्ट ऐकली, हसलं, दोन वाक्यं बोललं, तर त्याचा पुरावा कुठंच उरत नाही. शिक्षकानं काहीच शिकवलं नाही असा त्याचा अर्थ लावला जातो. कोणताही अभ्यासक्रम शेवटी तेवढाच उरतो, जेवढा तपासला जातो. हे ध्यानात न घेता केलेली पुस्तकांची नवनवी रूपं, मग ती एकात्मिक असोत की द्विभाषिक, वर्गाच्या दाराबाहेरच थांबतात.

परिणाम पुढं दिसतो. २०२३च्या ‘असर’ अहवालात निवडक ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली. इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली ५७.३ टक्के मुलांना. आणि ज्यांना वाचता आली त्यांतल्याही जवळपास चौथ्या हिश्श्याला त्यांचा अर्थ सांगता आला नाही. अर्थाशिवाय वाचायची ही सवय पहिली-दुसरीतच लागते.

आता जरा हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस ठरवले आहेत. इंग्रजीला रोज ४० मिनिटांची एक तासिका मिळाली आणि एकही बुडली नाही असं धरलं, तर वर्षाचे १३३ तास होतात, पाच वर्षांचे साडेसहाशेच्या थोडे वर. मराठी घरातल्या मुलाच्या कानावर एवढी मराठी दोन-अडीच महिन्यांत पडते. म्हणजे इंग्रजीचा एकेक तास सोन्याच्या मोलाचा आहे आणि तो ए-बी-सी-डी गिरवण्यात घालवणं आपल्याला परवडणारं नाही. आणखी एक हिशेब वर्गातला. ३० मुलं आणि ४० मिनिटं. एकेकाला उभं करून प्रश्न विचारला तर एका मुलाच्या वाट्याला मिनिट-सव्वा मिनिट येतं, बाकीचा वेळ ते दुसऱ्याचं तोंड बघत बसतं. त्याऐवजी १० मिनिटं जोड्या लावून एकमेकांशी बोलायला लावलं, तर प्रत्येक मूल पाच मिनिटं बोलतं. चुकत बोलतं, मध्येच मराठीत घसरतं, पण बोलतं. वर्गात गोंगाट होतो हे खरं आहे. भाषेचा तास शांत असेल तर मला त्याचीच काळजी वाटते.

‘लवकर सुरुवात केली की भाषा चांगली येते’ हा समज आपल्याकडं फार घट्ट आहे. घरात, गल्लीत दिवसभर ती भाषा ऐकणाऱ्या मुलाबाबत तो खरा आहे. रोज एक तासिका मिळणाऱ्या मुलाचं गणित वेगळं असतं. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी शाळेत इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. शिकवण्याचे तास सारखे धरले तर उशिरा सुरू केलेली मुलंच पुढं होती, कारण मोठ्या मुलाकडं वाचन, स्मरण, नियम ओळखण्याची ताकद जास्त असते. यातून दोन गोष्टी निघतात. इंग्रजी माध्यमात केजीपासून घातलं म्हणजे गड जिंकला, असं पालकांनी समजू नये. आणि लहान वयात सुरू करायचंच असेल तर लहान वयाला जे जमतं तेच त्या वयात करावं. सहा वर्षांच्या मुलाला काय जमतं? नक्कल करणं, गाणं, हावभावावरून अर्थ ताडणं, एकच गोष्ट दहा वेळा आनंदानं ऐकणं. मोठी माणसं ज्याला लाजतात ते सगळं त्याला जमतं. व्याकरण आणि स्पेलिंग नंतरही येईल, ही निर्लज्ज नक्कल मात्र नंतर येत नाही.

म्हणून पहिलीच्या वर्षाचा आराखडा मी असा करीन. जूनमध्ये सुरुवात सूचनांनी व्हावी. उभे राहा, बसा, इकडे ये, दप्तर उघड, खडू दे, तीन उड्या मार. हे शिक्षकानं इंग्रजीत म्हणायचं आणि स्वतः करून दाखवायचं, मुलांनी करायचं. मुलानं तोंड उघडलंच पाहिजे अशी सक्ती नाही. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं शरीराच्या हालचालीतून भाषा शिकवण्याची ही पद्धत मांडली, तिला आता पन्नासहून अधिक वर्षं झाली आणि ती जगभर वापरली जाते. तिला लागतं काय? मोकळी जागा आणि थोडा आवाज. दोन्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. दिवाळीपर्यंत अशा चाळीस-पन्नास सूचना मुलाच्या अंगवळणी पडाव्यात. सोबत आठवड्याला एक गोष्ट, चित्रं दाखवत, हातवारे करत, तीच ती वाक्यं फिरून फिरून येणारी. अर्थ अडला तर मराठीत सांगावा, त्यात कमीपणा नाही. ‘इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही’ हा दंडक काही शाळांनी घातला आहे. त्यानं मूल इंग्रजी बोलत नाही, फक्त गप्प बसतं.

आणि ही मुलं कोरी पाटी घेऊन येत नाहीत. कोल्हापुरातलं पोर चालायला लागलं की फुटबॉलला पाय मारतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की पेठांमधून दुसरा विषय नसतो. त्या पोराला पास, कॉर्नर, फाऊल, पेनल्टी, हाफ टाइम हे सगळं येतं, अर्थासकट येतं. मैदानावर नेऊन ‘पास द बॉल’, ‘किक द बॉल’, ‘स्टॉप’, ‘हू हॅज द बॉल?’ एवढं म्हणत अर्धा तास खेळवलं तर ती वाक्यं त्याला कुणी शिकवावी लागत नाहीत. खेड्यातल्या मुलाकडं मोटर आहे, स्टार्टर आहे, पाइप आहे, ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. सकाळी बापाबरोबर दूध संस्थेत गेलेल्या मुलाला लिटर माहीत असतो, फॅट किती लागली हेही कळतं. उद्यमनगरातल्या मुलाला लेथ, ड्रिल, कास्टिंग ऐकून माहीत असतं. पुण्यात बसून केलेल्या पुस्तकात हे प्रत्येक गावाचं येणार नाही, येऊही शकत नाही. पण पहिल्या महिन्यात आपल्या वर्गातल्या मुलांच्या तोंडी असलेले इंग्रजी शब्द गोळा करायचे, त्यांचा तक्ता भिंतीवर लावायचा आणि पुढचं इंग्रजी त्यांच्यापासून सुरू करायचं, एवढी मोकळीक अभ्यासक्रमानं शिक्षकाला द्यावी. मुलाच्या अनुभवापासून शिक्षण सुरू करायचं हे कोल्हापूरला नवं नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात तेच घडत आलं आहे.

दुसरीत मुलानं बोलायला लागावं. दोन-दोन वाक्यांचे संवाद, दुकानदार-गिऱ्हाईक, डॉक्टर-पेशंट. ‘व्हॉट्स युवर नेम?’ला पाठ केलेलं उत्तर सगळ्यांना येतं. ‘व्हॉट्स हर नेम?’ म्हणून शेजारणीकडं बोट केलं की निम्मी मुलं स्वतःचंच नाव सांगतात. तेव्हा ‘हर’, ‘हिज’, ‘माय’ हे खेळातून, बोट दाखवून, वस्तूंची अदलाबदल करून पक्कं व्हावं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत मध्ये. ‘मी आंबा खातो’ म्हणणारं मूल ‘आय मँगो ईट’ म्हणणारच. ते चूक म्हणून लाल शाईत आणायची काही गरज नाही. शिक्षकानं ‘यस, यू ईट अ मँगो’ असं सरळ वाक्य परत म्हणावं आणि पुढं जावं. बरोबर वाक्यं पुरेशी कानावर पडली की ही घडी बसते.

आता वाचन, आणि इथं मला जरा थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. आपली देवनागरी मुलाला शिकवते की जे चिन्ह, तोच आवाज. इंग्रजीत ‘ए’ हे अक्षर कॅट, केक, कार आणि बॉल या चार शब्दांत चार आवाज काढतं. अशा वेळी मुलाला अक्षरांची फक्त नावं शिकवली, एस-ए-टी, तर त्या नावांवरून ‘सॅट’ कसं निघावं? निघत नाही, म्हणून मूल शब्दाचं चित्र पाठ करतं. शंभर-दोनशे शब्दांपर्यंत हे चालतं, पुढं पाठांतराची हद्द संपते आणि पाचवी-सहावीत मुलाचं इंग्रजी एकाएकी बसतं. म्हणून आवाज आधी, नावं नंतर. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आवाजांसकट आली की सॅट, टॅप, पॅन, पिन, टिन, नॅप असे कितीतरी शब्द मूल स्वतः जोडून वाचू शकतं. तेही लहान लिपीतली अक्षरं आधी. आपण कॅपिटल आधी शिकवतो, कारण ती गिरवायला सोपी. पण कोणतंही पुस्तक उघडा, पानावर बहुतेक सगळी अक्षरं लहानच असतात.

या कामात मराठी शिक्षकाच्या हातात एक मोठं साधन आहे आणि ते वापरलंच जात नाही. ‘सॅट’ जोडताना मुलं ‘स-ॲ-ट’ म्हणतात आणि अडकतात, कारण आपल्या ‘स’मध्ये ‘अ’ दडलेला असतो. मराठीच्या तासाला हेच मूल जोडाक्षर शिकताना ‘पाय मोडका स्’ शिकलेलं असतं. शिक्षकानं एवढंच सांगावं की इंग्रजी अक्षराचा आवाज हा पाय मोडका आवाज आहे. स्, ॲ, ट्. मूल क्षणात जोडतं. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आपल्या वर्णमालेत आलेच आहेत. ‘झू’मधला आवाज ‘माझा’मधल्या ‘झ’च्या इतका जवळ आहे की मराठी मुलाला तो वेगळा शिकवावा लागत नाही. ज्याचं मराठी वाचन पक्कं, त्याला इंग्रजी वाचन निम्म्या कष्टात येतं. कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला सिद्धांत हाच आहे: एका भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचाराची ताकद दुसऱ्या भाषेत कामाला येते. उलट, जे मूल दुसरीच्या शेवटी मराठीतही अडखळत वाचतं त्याच्यापुढं इंग्रजीचं पान ठेवणं म्हणजे त्याला दोन्हीकडून हरवणं. म्हणून तिसरीच्या जूनमध्ये इंग्रजी वाचन सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाचं मराठी वाचन तपासावं आणि जे मागं आहेत त्यांना आधी मराठीत वर आणावं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे, त्याचा इंग्रजीलाही फायदाच आहे हे पालकांना समजावून सांगायला हवं.

सेमी इंग्रजीबद्दलही इथंच बोलतो. पहिलीपासून गणित इंग्रजीत शिकवून इंग्रजी सुधारत नाही. ‘बॉरो’ आणि ‘कॅरी ओव्हर’ या शब्दांशी झगडताना हातचा घेणं म्हणजे काय हेच राहून जातं. वरच्या वर्गात, वाचता यायला लागल्यावर, सेमीचा विचार जरूर व्हावा. पहिली-दुसरीत तो नको.

चौथी-पाचवीत मूल वाचू लागलं की त्याला खरं काम द्यावं. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते ८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत साध्या शिक्षकांकडून हेच करून घेतलं होतं: नकाशा वाचा, वेळापत्रक वाचा, कोडं सोडवा, आणि ते सोडवताना भाषा शिका. आपल्याकडं केएमटीचं वेळापत्रक इंग्रजीत करून द्यावं आणि विचारावं, रंकाळ्यावरून निघून दहाच्या आत शाळेत पोचायचं तर कोणती बस? मूल उत्तर शोधण्यात गुंगलं की भाषेची भीती उरत नाही. वर्गात चाळीस-पन्नास पातळ, चित्रांची इंग्रजी पुस्तकं हवीत, घरी नेता येतील अशी, फाटली तरी चालेल अशी.

हे सगळं शिक्षकाशिवाय होणार नाही, आणि आपण शिक्षकाशी कसं वागतो तेही सांगायला हवं. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड भागात दोन शिक्षकांच्या शाळा आहेत. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता, शिवाय पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. त्यातल्या बहुतेकांचं स्वतःचं शिक्षण मराठीतून झालं आहे आणि इंग्रजी बोलताना त्यांची जीभ अडखळते. त्यांना ‘फाडफाड इंग्रजी बोला’ म्हणण्यात अर्थ नाही. पहिली-दुसरीला शिक्षकाकडं साठ-सत्तर वाक्यं पक्की असली आणि आठ-दहा गोष्टी रंगवून सांगता आल्या की पुरतं. तेवढं कुणालाही येईल. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दर महिन्याला परिपत्रकं वाचून दाखवण्याऐवजी प्रत्येकानं एक गोष्ट इंग्रजीत सांगून दाखवावी, एकमेकांची ऐकावी. उच्चारासाठी ध्वनिफिती हव्यात. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं मराठी मुलांसाठी रेडिओवरून इंग्रजीचे पाठ तयार केले होते, त्यात मुलांनी रेडिओबरोबर बोलायचं असे. आकाशवाणी कोल्हापूरला असं काही स्थानिक करता येईल, शिवाजी विद्यापीठाचा इंग्रजी विभाग आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) मदतीला आहेत. लोकवर्गणीतून आलेले स्मार्ट टीव्ही बऱ्याच शाळांत आहेत, पण त्यावर इंग्रजी गाणी लावून मुलांना समोर बसवलं की मुलं बघत राहतात, बोलत नाहीत. मध्येच थांबवून विचारणारा शिक्षक नसेल तर त्या पडद्याचा उपयोग मर्यादित आहे.

आणि परीक्षा. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण, सगळे बहुपर्यायी. कोल्हापूर जिल्ह्याला या परीक्षेचा अभिमान आहे आणि मुलांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण ज्या विषयात ऐकणं आणि बोलणं शून्य गुणांचं, त्यात तिसरीपासून सराव पुस्तिका सुरू होणार यात नवल काय? परीक्षा बदलायला वेळ लागेल. तोवर पहिली-दुसरीत तिची सावली पडू देऊ नये, एवढं तरी जिल्ह्याच्या पातळीवर ठरवता येतं.

‘वही नाही म्हणजे गरिबाच्या पोरांना मागं ठेवण्याचा डाव आहे,’ असा आक्षेप मला अनेकदा ऐकायला मिळतो, आणि तो घेणाऱ्यांची कळकळ खरी असते. इंग्रजी ही ज्यांच्या हातात होती त्यांनी ती इतरांपासून दूर ठेवली, हा इतिहास आहेच. म्हणूनच मी म्हणतो की ज्याच्या घरी इंग्रजी नाही त्याला तर ऐकण्या-बोलण्याची सगळ्यात जास्त गरज आहे. सुखवस्तू घरातल्या मुलाला कार्टूनमधून, मावस-चुलत भावंडांकडून, मॉलमध्ये ते मिळतं. त्याला शाळेनं नुसतं स्पेलिंग शिकवलं तरी त्याचं भागतं. मजुराच्या मुलाला शाळेत ऐकायला मिळालं नाही तर कुठंच मिळत नाही.

जिल्हा परिषदेनं आणि महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीनं येत्या जूनपासून काही केंद्रांत हे करून बघावं. पहिली-दुसरीच्या इंग्रजीची लेखनवही बंद. केंद्रप्रमुखांच्या तपासणीत वहीऐवजी दहा मिनिटांचं तोंडी काम: पाच मुलांना पाच सूचना, दोन मुलांचा संवाद, एका गोष्टीवर तीन प्रश्न. दिवाळीच्या आधी आणि एप्रिलमध्ये पालकसभा वर्गातच भरवावी आणि त्यात इंग्रजीचा एक तास पालकांसमोर घ्यावा. आपलं मूल इंग्रजीतली सूचना ऐकून उठतं, शेजारच्याला काही विचारतं, गोष्टीतल्या माकडाच्या चुकीवर नेमकं त्याच ठिकाणी हसतं, हे आईबापांनी डोळ्यांनी पाहिलं की वही कुठं आहे असं ते विचारणार नाहीत. दोन वर्षांनी त्याच केंद्रांतल्या तिसरीच्या मुलांचं वाचन शेजारच्या केंद्रांशी ताडून बघावं आणि निकाल जिल्ह्यापुढं ठेवावा, माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध गेला तरी ठेवावा.